छपराचं लाकूड

या वेळी मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही का लिहिते आहे, ते शेवटी सांगेन.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जुन्या छपराला खरंच वाळवी लागली होती का?" मी हो म्हणाले. वाळवी लागली नव्हती.

सक्करदऱ्याचं आपलं घर तुम्हाला आठवतं ते कवेलूंचं, म्हणजे कौलारू. माकडं त्यावरून धावायची आणि तुम्ही अंगणात टाळ्या पिटायचात. मी आत बसून फुटलेली कवेलू मोजायचे. दर मे महिन्यात एक कारागीर येऊन फुटलेली बदलायचा आणि सगळी पुन्हा नीट बसवायचा. त्याच्या घरी पूर्वी हातमाग होता. माग बंद पडला आणि तो छपरांच्या कामाला लागला. तीस वर्षं आपलं छप्पर त्यानेच राखलं. मी शाळेत शिकवायचे, म्हणून तो मला बाई म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या बाबाने ठरवलं, आता छप्पर नवंच करायचं, पैसे मी पाठवतो. शाळेत मी खरेदी समितीवर होते. तिथे कपाट घ्यायचं तरी तीन कोटेशनं लागत, तीही लेखी. मी घरासाठीही तसंच केलं. दोन ठेकेदारांची कोटेशनं आली. कारागीर मात्र वर चढला, तासभर फिरला आणि खाली येऊन अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "साठ हजार."

"लिहून द्या," मी म्हणाले.

"त्यात लिवाचं काय हाये, बाई? लाकूड सागाचं हाये, खणखणीत. दोन वासे टोकाले सडले, तेवढे बदलू. कवेलू नवे घालू."

"बाकीचे दोघे म्हणतात, सगळंच काढावं लागेल."

"ते वर चढले होते काय?"

चढले नव्हते. त्यातल्या एका ठेकेदाराने तर अंगणातूनच मोबाइलवर फोटो काढले होते. त्याचा आकडा होता दोन लाख चाळीस हजार, लोखंडी सांगाडा आणि वर टिनाचे पत्रे. पण त्याचं कोटेशन तीन पानी, टाइप केलेलं, इंग्रजीत होतं. ते हातात घेतल्यावर मला आपल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटलं. आणि तीस वर्षं येणाऱ्या माणसाला मी म्हणाले, "छप्पर नवं झालं तर तुमचं दर वर्षाचं काम जाईल. म्हणून सांगताय ना हे?"

त्याने गमछा झटकून खांद्यावर टाकला. "तुमाले जसं वाटते तसं, बाई." चहा ठेवला होता, तो न घेताच गेला.

काम मी त्या तीन पानी कोटेशनवाल्यालाच दिलं, आणि महिनाभराने छप्पर उतरवलं. वासे एकेक करून अंगणात आले. तेलकट काळपट सागवान, सरळ, जड. दोनच वासे टोकाला सडलेले होते. मी ते पाहिलं. दुपारी ठेकेदाराचा ट्रक आला आणि मजूर ते लाकूड त्यात चढवू लागले. नेमका तेव्हाच कारागीर सायकलवरून चालला होता. फाटकाशी थांबला, आत आला, एका वाशावर बोटाने टकटक केलं.

"बाई, हे कुठी चाललं?"

कोटेशनच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती: निघालेलं जुनं सामान ठेकेदाराचं. मी ती वाचली होती. प्रत्येक पानावर सहीही केली होती. जुनं सामान म्हणजे फुटकी कवेलू आणि माती, असंच मी धरून चालले होते. ते उचलायचा त्रास वाचला म्हणून मला बरंही वाटलं होतं.

"ठेकेदार नेतो आहे. तसं ठरलंय," मी म्हणाले.

"सागवान? फुकट?" त्याने सायकल स्टँडवर लावली. "तुमी फक्त म्हना, समजलं नव्हतं म्हनून. गाडी मी थांबवतो."

ट्रकवरचा मुकादम हसला. "काका, घर तुमचं हाये का बाईचं?"

मजूर हात थांबवून माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की, नव्हतं समजलं. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलेल्या बाईला ती ओळ समजली नव्हती. मी म्हणाले, "मला माहीत होतं. मीच देऊन टाकलंय ते."

ट्रक गेला. संध्याकाळी तुमच्या बाबाने फोनवर विचारलं, लाकूड कसं निघालं. मी सांगितलं, वाळवीने पोखरलेलं. पुढे एका सुताराकडून कळलं, तेवढं सागवान विकलं असतं तर अख्खं नवं छप्पर होऊन वर पैसे उरले असते. ते पैसे तुमच्या बाबाचे होते, आणि वासे तुमच्या खापरपणजोबांनी घातलेले.

या मे महिन्यात कारागीर नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. व्हरांड्यात बसला, वर टिनाकडे पाहिलं. "गरम होत असन."

"होतं," मी म्हणाले. मग म्हणाले, "तुमचं खरं होतं. लाकडाचं. आणि तुमच्या कामाबद्दल मी जे बोलले, ते बोलायला नको होतं."

तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवून म्हणाला, "तुमाले मालूम नव्हतं, हे मले तवाच मालूम होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"एवढ्या लोकाईसमोर?"

मी मात्र त्याला बोलले होते तेव्हा शेजारीण कुंपणापाशी उभी होती. ते मला त्या क्षणी आठवलं, आणि तेव्हापासून रोज आठवतं आहे. या वेळी त्याने चहा घेतला.

आता मराठीचं कारण. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हीच वाचलं असतं, आणि तुम्हाला आजीची दया येऊन बाबाला यातलं काही सांगितलं नसतं. मीही तेच धरून लिहिलं असतं. आता हे त्यालाच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असेल. वाळवीच्या ओळीशी तो बराच वेळ थांबला असेल. त्याला काही विचारू नका. मला फोन करायला सांगा.