हळदीचं बोट

त्या केसची आठवण आली की आधी डोळ्यांपुढे येतो तो जांभळा कोट. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या पोलीस खात्यात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा डिटेक्टिव्ह म्हणून. घरफोड्या, मारामाऱ्या, बनावट चेक, काय काय हाताखालून गेलं. बरंचसं विसरलोही. या माणसाला विसरायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. नाव कोणाचंच देत नाही. काही माणसं हयात आहेत, आणि जो हयात नाही त्याच्या नावाचं आम्ही आधीच पुरेसं वाटोळं केलं आहे.

तो बेसबॉल कार्डांचा व्यापारी होता. इथे वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. पत्त्याहून जरासा मोठा पुठ्ठा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची कामगिरी. पूर्वी हे च्युइंगगमच्या पुडीत फुकट यायचं. आता त्यातल्या जुन्या, दुर्मीळ कार्डांसाठी लोक वेडे होतात आणि एखाद्या कार्डाची किंमत चांगल्या मोटारीएवढी होते. आयसेलिनला साडीच्या आणि दागिन्यांच्या दुकानांच्या रांगेत याचं दुकान होतं. जांभळा कोट, बटणांच्या जागी चिमुकले बेसबॉल, गळ्यात दोरीला भिंग. गल्ल्याजवळ पितळी घंटा टांगलेली. एखाद्या पोराने आयुष्यातली पहिली अदलाबदल केली की हा ती घंटा एवढ्या जोरात बडवायचा की शेजारच्या दुकानात साडी बघणाऱ्या बायका दचकायच्या. शेजारून जिलबी आणून गिऱ्हाइकांना वाटायचा. आपली मराठी माणसं दिसली की ओरडायचा, "कसं काय, मंडळी!" कार्डांच्या दुनियेत, पार कॅलिफोर्नियापर्यंत, त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता.

ते "कसं काय" त्याला एका मराठी मुलाने शिकवलं होतं. त्या मुलाचे वडील हृदयरोगतज्ज्ञ, फार पूर्वी इथे आलेले. त्यांच्या एका म्हाताऱ्या पेशंटने बरं झाल्यावर मुलाला एक जुनं कार्ड भेट दिलं, एका गाजलेल्या खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं. मुलगा दर शनिवारी ते घेऊन या दुकानात जाऊन बसायचा. विकलं कधीच नाही. पुढे तो इंजिनियर झाला, रेडमंडला नोकरीला लागला, आणि एका पावसाळी सकाळी ऑफिसला जाताना गाडीच्या अपघातात गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

वर्षभराने आईवडिलांनी मोठं घर विकायला काढलं. मुलाच्या वडिलांनी, मी त्यांना काकाच म्हणतो, त्याच्या कार्डांचे खोके या व्यापाऱ्याकडे दिले. नीट बघ, यादी कर आणि परत दे, एवढंच काम. मे महिन्यात खोके गेले, सप्टेंबरमध्ये परत आले.

तीन दिवसांनी मुलाची आई, म्हणजे काकू, आमच्या पोलीस स्टेशनवर आल्या. ड्यूटीवरच्या सार्जंटने मला वर फोन केला, "तुझ्या भाषेत बोलणारं कोणीतरी आलंय आणि रडतंय."

काकूंनी पर्समधून प्लास्टिकच्या जाड पाकिटातलं ते कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे माझ्या मुलाचं नाही," त्या म्हणाल्या. "तो पाचवीत होता. दसऱ्याला पाटावर पुस्तकं मांडली, तर ह्याने त्यांच्यावर हे कार्ड आणून ठेवलं. मी म्हटलं, अरे, हे काय? तर म्हणतो, आई, धिस इज माय बेस्ट बुक. मी ओल्या हळदीचं बोट लावलं, ह्या इथे, पांढऱ्या कडेवर. कुंकू झडून गेलं, पण हळद मुरली. तो इतका चिडला होता! दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग मोठा झाल्यावर म्हणायचा, आई, युवर फिंगर मेड इट माइन."

त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. कड स्वच्छ पांढरी होती.

"बदललंय त्याने. दुसरं कोणाचं तरी दिलंय. मला पैसे नकोत रे. मला फक्त ते बोट लागलेलं कार्ड हवंय. तू आपला आहेस म्हणून आले. ह्या लोकांना हळद काय कळणार?"

खरंच होतं. माझ्या जोडीदार डिटेक्टिव्हने विचारलं होतं, डाग मस्टर्डचा का? मी हसलो होतो. ही केस माझ्याशिवाय कोणाला कळणारच नाही, असा एक ताठा तेव्हा माझ्या अंगात भरला. पुढचं सगळं त्या ताठ्याने केलं.

आठवडाभरात खबर आली. फोनवरचा माणूस स्वतःही कार्डांचा व्यापारी होता, एवढं त्याच्या बोलण्यावरून कळलं. त्याने सांगितलं, "जांभळ्या कोटवाल्याने जुलैमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात अगदी तेच कार्ड विकलं. मी डोळ्यांनी पाहिलं." खबर देणाऱ्याचा खबरीत काय फायदा आहे हे आधी बघावं, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. स्वतः बघितलं नाही.

झडतीचं वॉरंट काढलं. दिवसाढवळ्या दोन गाड्या दुकानासमोर लावून आम्ही एकूण एक खोका मुद्देमाल म्हणून उचलला. रस्त्यावर गर्दी जमली. या धंद्यात माणसाकडे शब्दाशिवाय काही नसतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या देशातल्या शौकिनांमध्ये बातमी गेली, आणि महिना संपायच्या आत एकेका प्रदर्शनाने त्याचं टेबल कॅन्सल केलं.

चौकशीला तो तोच कोट घालून आला. हक्क वाचून दाखवले. म्हणाला, "वकील कशाला? कोटाला इस्त्री करून आलोय, फोटो काढणार असाल तर."

"कार्ड तुमच्याकडे आलं तेव्हा त्यावर पिवळा डाग होता?"

"होता की. इथे, कोपऱ्यावर. तो पोर होता तेव्हापासून बघतोय मी तो डाग."

"आता नाही."

"नाही," तो म्हणाला. "मलाही परत देताना दिसला नाही."

"मग गेला कुठे?"

"माहीत नाही."

"तुम्ही धुतलात? खरवडलात?"

"मी? त्या पोराचं कार्ड?"

आमच्या तज्ज्ञाने भिंगाखाली तपासून लिहून दिलं होतं की कागदावर रसायन वापरल्याची किंवा खरवडल्याची खूण नाही. रंग मात्र थोडे फिके आहेत. म्हणजे साफ केलेलं नाही. साफ केलेलं नाही आणि डाग नाही, म्हणजे कार्डच वेगळं. यापेक्षा सरळ हिशेब काय असणार? शिकागोचं विचारलं तर म्हणाला, "माझं स्वतःचं तसंच एक होतं, ते विकलं." रोखीने घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आम्हाला सापडलं नाही. काकांकडे कार्डाचा जुना फोटो मागितला, तर त्यांनी घराच्या विम्यासाठी फक्त दागिन्यांचे फोटो काढले होते, पुठ्ठ्याचे कोण काढतो?

तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "डिटेक्टिव्ह, ते काळ्या दिव्याखाली धरा. माझ्या दुकानात आहे दिवा. प्लीज." हा अतिनील प्रकाशाचा दिवा. कागद जुना की नवा, ते हे लोक त्याखाली पाहतात.

मी म्हटलं, "कागद जुना आहे हे मान्यच आहे. जुनं आहे, पण त्यांचं नाही." आणि दिवा काही लावला नाही.

खोटं बोलणारा माणूस डाग नव्हताच असं म्हणाला असता आणि तिथेच सुटला असता. हे मला त्या खोलीत सुचलं नाही.

दोन तास झाले तेव्हा त्याने विचारलं, "त्या मुलाच्या आईला काय वाटतं? तिलाही वाटतं मीच केलं?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर त्याने एकही विनोद केला नाही. मी माझ्या वहीत लिहिलं, संशयित खचला.

काही महिन्यांनी त्याने कमी शिक्षेच्या कलमाखाली गुन्हा कबूल केला. हृदय कमजोर, दुकान बंद, खटला लांबणार, म्हणून वकिलाने तसा सल्ला दिला होता. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याने मागे वळून काकूंकडे पाहिलं आणि हो म्हटलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये काकूंनी त्याला गाठून इंग्रजीत विचारलं, "माझ्या मुलाचं कार्ड कुठे आहे? प्लीज, एवढं सांग." बिचारा काय सांगणार होता? ते तर, आम्ही तपासून परत दिलेलं, काकूंच्या पर्समध्येच होतं.

गणपतीत आमच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या. "आपला माणूस पोलिसांत असला की काय होतं बघा," असं अध्यक्ष म्हणाले. मी मान लववून शाल घेतली.

पुढच्या मार्चमध्ये तो गेला. अंत्यविधीला आठ-नऊ माणसं होती, त्यात कार्डवाला एकही नाही. मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून होतो. उतरलो नाही.

मी रिटायर झालो. त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न ठरलं. हळद मागच्या अंगणात झाली. पोरींनी माझ्या पांढऱ्या कुडत्याला हळदीचे हात पुसले, समोरून पार पिवळा. बायकोने तो धुऊन मागच्या लाकडी डेकवर वाळत घातला. दोन दिवसांनी काढायला गेलो तर कुडता पांढरा स्वच्छ.

मी विचारलं, "कुठला साबण वापरलास?"

"साबण कसला? हळदीचा डाग साबणाने कधी जातो का? उन्हात घातला की जातो. इतकं पण माहीत नाही तुम्हाला?"

माहीत होतं. आमच्या साताऱ्याच्या घरी आई हळदीने डागाळलेला कपडा दगडावर पसरायची आणि म्हणायची, ऊन खाऊ दे त्याला. मी डेकच्या पायरीवर बसलो आणि त्या कार्डाची पांढरी कड आठवली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन फाइल काढायला लावली. त्याचा जबाब, पान दुसरं. "ते विकायचं नव्हतं. मुलाची आठवण म्हणून मी ते समोरच्या खिडकीत ठेवलं होतं आणि खाली चिठ्ठी लावली होती, या मुलाबद्दल मला विचारा. उन्हाने रंग थोडा उतरतो हे मला माहीत आहे. पण आत ठेवलं असतं तर कोणाला दिसलं असतं? सगळा उन्हाळा ते तिथेच होतं." हे मीच टाइप केलं होतं. खाली माझीच सही होती.

काउंटीच्या प्रयोगशाळेतला एक जुना मित्र आहे. त्याने दिवा दिला आणि समजावलं, डोळ्यांना दिसणारा पिवळा रंग उन्हाने जातो, पण पुठ्ठ्यात खोल मुरलेला अंश राहिला असेल तर या दिव्याखाली चमकेल.

काका तोवर गेले होते. काकू एकट्या राहत होत्या. त्या कार्डाचं नाव काढताच म्हणाल्या, "ते परकं कार्ड? गराजमध्ये असेल बुटांच्या खोक्यात. मी हात लावत नाही त्याला."

मी ते आणलं. भर दुपारी सगळे पडदे ओढले आणि दिवा लावला. पांढऱ्या कोपऱ्यावर हिरवट पिवळा, अंधुक, बोटाच्या टोकाएवढा ठिपका उजळला.

काकूंनी आपलं बोट त्यावर टेकवलं. बरोबर बसलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

"म्हणजे हे घरातच होतं," त्या म्हणाल्या. "आणि त्याने खरंच काही केलं नव्हतं?"

"नाही, काकू."

"मग मी काय केलं रे त्या माणसाला?"

"तुम्ही नाही. तुम्ही फक्त सांगायला आलात. केलं ते मी."

मी तिथेच, त्यांच्या सोफ्यावर, रडलो. मी निघालो तेव्हा त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. मला आता हे घरात नको. ह्याच्याकडे बघितलं की मुलगा आठवायचा. आता तो कोर्टातला माणूस आठवेल."

ज्या कार्डासाठी सगळं झालं, ते त्यांचंच निघालं आणि त्यांना ठेवता आलं नाही.

मी सरकारी वकिलांच्या ऑफिसला लिहिलं. दोन वेळा स्वतः गेलो. एक तरुण वकीलबाई नीट ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, त्याने स्वतः कबुली दिली होती. तो आता नाही, मागे अर्ज करायला कोणी नातेवाईक नाही. हे कोणासाठी उघडायचं?" शौकिनांच्या वेबसाइटवर मी सगळी हकीकत लिहिली. खाली कोणीतरी लिहिलं, म्हातारपणी पोलिसांना पाझर फुटतो. तिथे आजही तो चोरच आहे.

या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावलं तर सांगतो, की आरोपी स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणहून कबूल करत असेल तर तिथे थांबा. आणि जी गोष्ट फक्त आपल्यालाच कळते असं वाटतं, ती दुसऱ्या कोणालातरी दाखवा. मी घरी बायकोला एका शब्दाने विचारलं असतं तर तिने चहा गाळता गाळता उत्तर दिलं असतं. पोरं वहीत लिहून घेतात. पण हे शिकून मला काय करायचं आहे? ज्याला त्याचा उपयोग होता तो गेला.

कार्ड माझ्याकडे आहे. बेसमेंटमधल्या कपाटात, काळ्या कागदात गुंडाळून, शेजारी मी विकत आणलेला तसलाच एक दिवा. तो ठिपका हा त्या माणसाच्या बाजूचा एकुलता एक पुरावा आहे. दिवा परत करायला गेलो तेव्हा मित्राने बजावलं होतं, "फार वेळा बघू नकोस. उन्हासारखाच हा दिवाही त्याला खातो. दर वेळी थोडा थोडा जाईल."

म्हणून मी बघत नाही. जिना उतरून कपाटापर्यंत जातो, दाराला हात लावतो आणि परत वर येतो.