मोज्यांतले लाडू

हरणाच्या शिकारीसाठी कॅनडात जायचं नवऱ्याने ठरवलं, तेव्हा मी चार दिवस अबोला धरला होता. एडिनबऱ्याच्या हॉस्पिटलातला हा भूलतज्ज्ञ दर ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या डोंगरात हरणं मारायला जातो, त्याची मला सवय आहे. इथे तो फार तर भिजून, शिंकत परत येतो. तिथे ग्रिझली अस्वलं आहेत.

निघताना त्याने बजावलं होतं, खायचं काही बांधून देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. आमच्या घरात नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा असतो, आणि हा तर आयुष्यभर नको नको म्हणत चार लाडू खात आलाय. मी सहा डिंकाचे लाडू कागदात गुंडाळून त्याच्या जाड लोकरी मोज्यांत कोंबले आणि मोजे बॅगेच्या तळाशी सरकवले.

रोज दुपारी दोनला, म्हणजे तिथल्या सकाळी, सॅटेलाइट फोनवरून त्याचा एका ओळीचा मेसेज यायचा. पाचव्या दिवशी मी दीडलाच किचनमध्ये फोन घेऊन उभी राहिले. वेळ जाईना, म्हणून तिथल्या वाटाड्याने पाठवलेली, फ्रिजवर लावलेली नियमांची यादी वाचायला घेतली. हरीण पडलं की एकाने भराभर मांस कापायचं, दुसऱ्याने पहारा द्यायचा. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा कमरेला हवा, बॅगेत नाही. आतडी टाकली तिथे रेंगाळायचं नाही. शेवटी जाड अक्षरांत होतं: तंबूत अन्नाचा कण नको, टूथपेस्टसुद्धा नको, अस्वलाला फार लांबून वास येतो.

लाडवांत तूप मी नेहमीसारखं सढळ हाताने घातलं होतं.

मी लगेच लिहिलं, "तुझ्या लोकरी मोज्यांत लाडू आहेत. आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. चुकलं माझं."

दोन वाजले, सव्वादोन झाले. किटली दोनदा उकळली, पण चहा केला नाही. मला त्याचा राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. देवापुढे उभी राहिले, तर काय मागायचं तेही सुचेना.

तीन वाजत आले तेव्हा उत्तर आलं.

"सापडले. मोज्यांसकट लांब झाडावर टांगलेत. रागावलो नाही. दोन दिवस सकाळी तंबूभोवती अस्वलाची पावलं दिसत होती, का ते आम्हाला कळत नव्हतं."

मी आधीचे मेसेज उघडले. त्या दोन्ही सकाळी त्याने लिहिलं होतं, छान झोप लागली.