चुलीवरची पेज

आमच्या वाडीत बाळंतिणीला भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळ मागते. आमची आशा सेविका आधी पेज मागते.

सुनेच्या बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी चहा टाकायला उठले. "चाय नको काकी, पेज करा," म्हणाली. बाळाचा वजनकाटा पिशवीतच ठेवून ती सुनेच्या खाटेजवळ जमिनीवर बसली. चार दिवसांनी पुन्हा तेच. बाई कामाची आहे पण खादाड आहे, असं माझं मत झालं. तिसऱ्या खेपेला मी कुकर लावला आणि झटपट वाडगा भरून आत नेला. तिने एक घोट घेतला. "कुकरची नाय गोड लागत, काकी. चुलीवर होऊ द्या."

मी फणकाऱ्यानेच बाहेर पडले, तर मागून सुनेचा आवाज आला. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर बोलत होती. "ताई, बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही मला."

"होतं गो असं. बऱ्याच जणींना होतं. रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, मी येते सोबत."

मी चूल पेटवली. त्या दिवशी पेजेत दोनदा पाणी वाढवलं.

आता सून बाळाला कडेवर घेऊन अंगणभर फिरते. परवा शेजारीण कुरकुरली, "ही माझ्या लेकीला बघायला येते की पेज प्यायला?"

मी म्हटलं, "चुलीवर कर. आणि शिजेपर्यंत तिथून उठू नको."