घासून ठेवलेलं ताट

नवरा मारकुटा असता तर बरं झालं असतं, लोकांना सांगायला कारण तरी मिळालं असतं. आमचे यजमान गावच्या शाळेत मास्तर, कधी आवाज चढवायचे नाहीत. तरी लग्नाला तीन वर्षं झाली आणि मावशी आजारी असल्याची थाप मारून मी मुंबईच्या बोटीत बसले. गावोगावचे पुरुष मुंबईला आणि बायका घरी, आमचं सगळंच उफराटं. मला गिरगावात टायपिंग शिकायचं होतं आणि खांद्याला पर्स लावून ऑफिसात जायचं होतं. आज हसू येतं, पण तेव्हा त्यापायी जीव जात होता.

मावशीची लालबागला खानावळ होती. गिरणीत काम करणारे गाववाले तिच्याकडे जेवत. मी सकाळी भाकऱ्या थापायची आणि दुपारी क्लासला जायची. चार महिन्यांनी यजमान मला न्यायला आले. मावशी म्हणाली, "जावई इलेत. आता काय ता तूच बघ."

संयुक्त महाराष्ट्रासाठी तेव्हा सारखे हरताळ पडत. नेमक्या त्याच दिवशी ट्राम-बस बंद झाल्या आणि यजमान आमच्याकडेच अडकले. त्यांनी एकदाच विचारलं, "येतलंस काय?" मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. मी म्हटलं, "आधी जेवून घ्या."

आमच्या घरी नवरा जेवून उठला की बायकोनं त्याच्याच उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं. तीन वर्षं मी तशीच जेवले आणि त्या ताटाचा मनातून राग राग केला. खानावळीत मात्र ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं. यजमान गिरणीवाल्यांच्या पंगतीत जेवून उठले, तशी मी सवयीनं भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या जागेकडे वळले. तिथे ताट नव्हतं. ते मोरीत बसून राखेनं ताट घासत होते, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. धड जमतही नव्हतं. "असू दे, मी घासते," असं म्हणावं की म्हणू नये, माझं काही ठरेना. तोवर त्यांनी ताट पालथं घातलंसुद्धा.

हात पुसत ते म्हणाले, "उद्या बोट सुटली की मी जातंय. तू बरी ऱ्हव."

मी दुसरं ताट घेऊन बसले.

"रडतंस कित्या गो?" मावशीनं विचारलं. "तुका ह्याच व्हया होता मां?"

"ह्याच व्हया होता," मी म्हटलं आणि रडत राहिले.