सर्दीची गोळी आणि शनिवारची मॅच

गाडी तीनची होती आणि मला कळलं दोनला.

सांगणारे शाळेचे निवृत्त पीटीचे सर. बीपीच्या गोळ्या घ्यायला आमच्या मेडिकलमध्ये आले होते. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नका मॅडम. मिरकरवाड्यातल्या रेखाची प्राची गोव्याच्या क्लबात गोलकीपर आहे. आशियातल्या महिला क्लबांची स्पर्धा चाललीय. परवा शनिवारी नॉकआऊट, हरला तो घरी. पहिली कीपर जायबंदी झाली, म्हणून प्राची खेळणार. दोन दिवस घरी आली आणि सर्दीने बेजार झाली. आता तीनच्या गाडीने परत जातेय."

सकाळीच रेखाताई येऊन गेली होती. "मॅडम, माझं नाक चोंदलंय. ती जोरातली गोळी द्या." गर्दी होती. मी दहाची पट्टी काढून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याने नाक मोकळं होतं, पण अंगात तरतरीही येते. म्हणून मॅचच्या दिवशी खेळाडूच्या लघवीत ते मर्यादेपलीकडे सापडलं की तो दोषी. सर्दी होती, आईने दिली, असल्या सबबी चालत नाहीत. बंदी येते. शिवाय ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असते. काउंटरवर प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी सव्वीस वर्षं फार्मासिस्ट आहे, तरी त्या सकाळी मी तेच केलं.

प्राचीचा नवा नंबर सरांकडे नव्हता. स्कूटी काढली आणि खाली बंदरावर मिरकरवाड्यात उतरले. रेखाताईचा नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य; तो समुद्रात होता. ती अंगणात दोन शेजारणींबरोबर कोळंबी सोलत बसली होती.

"रेखाताई, प्राची आहे का?"

"नाय ओ. ती नाटे गावात मामाकडे गेलीय."

"सकाळच्या गोळ्या कोणासाठी होत्या?"

"माझ्यासाठीच."

आवाज खणखणीत. नाक चोंदलेलं माणूस असं बोलत नाही. शेजारणींसमोर ती कबूल करणार नव्हती. लेकीचं भलं होतंय हे कळलं की दृष्ट लागते, म्हणून घरातली सर्दीसुद्धा लपवायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. मी दंडाला धरून तिला पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं.

"सर्दीच्या गोळीसाठी कोण बाद करतो काय?"

"करतात. फोन लाव तिला. आधी लाव."

प्राची स्टेशनवर पोचली होती. दोन गोळ्या घेतल्या होत्या, एक सकाळी आणि एक निघताना. मी म्हटलं, "आता एकही घ्यायची नाही. पट्टी फेकू नकोस. टीमच्या डॉक्टरांना दाखव."

ती म्हणाली, "मॅडम, मी नाही दाखवणार. त्यांनी मला बसवलं तर? चार वर्षं बेंचवर काढलीत मी."

मलाही वाटलं, जाऊ दे, दोन दिवसांत निघून जाईल अंगातून. पण निघून जाईलच हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते.

"तू नको सांगूस, मी सांगते. नंबर दे त्यांचा."

डॉक्टर तुटक बोलले. "गुरुवार दुपार ते शनिवार संध्याकाळ. बहुतेक वेळ पुरेल. पण मला लेटरहेडवर पाहिजे. गोळीचं नाव, घटक, किती मिलिग्रॅम, चिठ्ठी होती की नाही. डोपिंग चाचणीसाठी तिचं नाव निघालं तर फॉर्मवर लिहायला लागेल."

दुकानात परत आले. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"चिठ्ठीची ओळ गाळा."

"नाही गाळत, अण्णा."

"उद्या ड्रग इन्स्पेक्टर हे पत्र घेऊन दारात उभा राहिला तर? लायसन्स दुकानाचं जाईल."

"माझं रजिस्ट्रेशनही जाईल."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"चूक माझी आहे. बंदी तिला का?"

अण्णांनी शिक्का माझ्याकडे सरकवला. मी तो मारला आणि पत्राचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला.

शनिवारी काउंटरवर मोबाईल टेकवून मॅच पाहिली. फुटबॉल मला फारसं कळत नाही. पण प्राची बिथरलेली आहे एवढं कळत होतं. तीनदा चांगलं अडवलं तिने. शेवटच्या दहा मिनिटांत एक साधा फटका तिच्या हाताखालून आत गेला. एक-शून्य. टीम घरी.

मॅचनंतर चाचणीसाठी नावं काढली, त्यात प्राचीचं निघालं. काही आठवड्यांनी निकाल आला, निर्दोष. माझं पत्र कुठल्यातरी फाईलला लागलं. इन्स्पेक्टर आला नाही.

रेखाताई आली, एकदाच. "पोर दोन रात्री झोपली नाय. तुम्ही गप बसला असता तर शांतपणे खेळली असती."

कदाचित तिचं खरंही असेल. आता ती औषधं दुसऱ्या दुकानातून घेते.

औषधाच्या दुकानात लोक खरं सांगत नाहीत. त्यांनी सांगावं असा कायदाही नाही. देण्याआधी आम्ही विचारावं असा मात्र आहे, आणि तो मला लागू होतो.