मामांच्या तसबिरीतली सीतामाई

मामांनी माथेरानच्या एका बंगल्याच्या लिलावात ती भली मोठी तसबीर उचलली. फ्रान्सची, गेल्या शतकातली, तैलरंगातली. कुणी ग्रीक राजकन्या खडकाला साखळ्यांनी बांधलेली, खाली समुद्रात राक्षस, वर आभाळात पंखांच्या घोड्यावरून तिला सोडवायला निघालेला गडी. राजकन्येच्या अंगावर मात्र चिंधी नाही. मामी दोन दिवस ओटीवर फिरकल्या नाहीत.

मग मामांनी पेणहून गणपती रंगवणारा बोलावला. त्यानं राजकन्येला हिरवं नऊवारी, चोळी, नथ, कुंकू सगळं चढवलं. साखळ्या तेवढ्या राहिल्या. त्या काढ असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पनवेलात मामांच्या ओटीवर त्याच तसबिरीखाली मला दाखवायला बसवलं. माझा मॅट्रिकचा फॉर्म मामांच्या सहीसाठी तसबिरीमागेच खोचलेला. आठ दिवस मामांचं "उद्या, उद्या" चाललं होतं. स्थळ जमलं की फॉर्म बुडालाच म्हणून समजा. आईनं आधीच दम भरलेला, "पाहुण्यांच्या नकला केल्यास तर थोबाड रंगवीन!" वर माझ्या पदराच्या टोकावर ती चक्क मांडी ठोकून बसली. हलायची सोय नाही.

मुलाचे वडील दर वाक्याआधी "म्हणजे असं बघा" म्हणायचे आणि तपकीर ओढायचे. मुलगा मान खाली घालून पोह्यांतले दाणे वेचत होता.

मुलाच्या आईनं वर पाहिलं. "ही कोण हो?"

"सीतामाई. अशोकवनात," मामा म्हणाले.

"अगबाई! मग हा पंखांचा घोडा?"

मामांनी पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. आईनं माझ्याकडे बघून डोळे वटारले. पण माझ्या नाकातून तपकीर ओढल्याचा आवाज निघूनही गेला होता. मग हुबेहूब वडिलांचा घोगरा सूर, "म्हणजे असं बघा, बाईला बांधलंय, राक्षस पोचलाय, सोडवणारा मात्र अजून वरच!"

वडिलांची चिमूट नाकाखालीच अडली. वाटलं, सुटले! आता उठतील, चपला शोधतील.

तेवढ्यात मुलगा फिस्सकन हसला. पोहे नाकात, डोळ्यांत पाणी, तरी थांबेना.

"अहो, हा हसला!" त्याची आई म्हणाली. "मुंजीनंतर आज हसला!"

वडिलांनी डबी मिटली. "म्हणजे असं बघा, पोरगी पसंत. येत्या माघात उडवून टाकू."

"माझी परीक्षा..." मी म्हटलं, माझ्याच आवाजात. तो कुणाला ऐकूच गेला नाही.

आई आनंदानं उठली, तेव्हा कुठे पदर सुटला. पाहुणे गेल्यावर मी तसबिरीमागे हात घातला. फॉर्म होता. पालीनं त्यावर अंडीसुद्धा घातली होती. सही नव्हती.