पेटीला लावलेली गिटार

हणमंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेतल्या खोलीत, रविवारच्या कार्यक्रमाच्या पत्रकांच्या घड्या घालत होते. त्या कार्यक्रमाला काका गिटार घेऊन येणार होते. "झोपेतच गेलं," काकी म्हणाल्या. मग काकांचा निरोप सांगितला. "दिवस झालं की ये. त्येंनी सांगून ठेवलंया, दोन गिटारीतली कंची पायजे ती तू न्यायची. ऱ्हाईल ती भजनी मंडळाला." याला आता सहा आठवडे झाले.

रहिमतपुरात माझ्या आजोळच्या शेजारी काकांचं घर. पलटणीच्या बँडमध्ये ते क्लॅरनेट वाजवायचे. गिटार त्यांना बदली होऊन जाणाऱ्या एका सोबत्यानं दिली होती. निवृत्त होऊन आले ते तीच घेऊन. दर गुरुवारी भजनात, पेटीवाल्याच्या उजव्या हाताला, ती मांडीवर घेऊन बसायचे. अभंगाला गिटार कशाला, असं आधी लोक म्हणाले, नंतर विसरले. मला पहिले चार सूर त्यांनी त्याच गिटारीवर शिकवले. बाप पत्रकं छापणारा, त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार असायचं. काका म्हणायचे, "मत ऱ्हाऊ दे गं बाजूला, आधी बोट नीट दाब."

पुढे आमच्या गटानं सांगलीत चौकाचौकांत गाणी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा काका सकाळच्या गाडीनं यायचे. घोषणा देणाऱ्या पोरापोरींत इस्त्रीचा सदरा घालून बसलेला तो एकटाच म्हातारा. एकदा गाणं सुरू होण्याआधी मी सूर तपासायचं ॲप लावून मोबाइल त्यांच्या गिटारीजवळ धरला. सगळ्या तारा जवळजवळ अर्ध्या सुरानं उतरलेल्या.

"आगं, ती आमच्या पेटीला लावलीया," काका म्हणाले.

"मग तुमची पेटीच खोटी आहे, काका."

"आसंल. पर समदी आळी तिच्यावर गाती."

सगळे हसले. मीही हसले, आणि गिटार त्यांच्या हातातून घेऊन खुंट्या पिळायला लागले. चौथ्या तारेला काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. तारा जिच्यात अडकवतात ती घोडी, खालच्या फळीचा पापुद्रा घेऊन उखडली होती. त्या म्हाताऱ्या लाकडाला तेवढा ताण सोसणारच नव्हता. काकांनी घोडी रुमालात बांधली. "ऱ्हाऊ दे. गोंद लागंल," एवढंच बोलले.

माफी मागायच्या ऐवजी मी मुद्दा मांडला. वाद्य हे हत्यार आहे, ते चाललं पाहिजे. जुनं आहे म्हणून पुजत बसायचं हीच आपली खोड... असं बरंच काही. त्या गिटारीच्या कंपनीनं तीच गिटार जुन्या साच्यावरून पुन्हा काढली होती. तोच आकार, कडेला तोच करपलेला तपकिरी रंग, वार्निशसुद्धा मुद्दाम पिवळट. काकांचा मुलगा शिरवळला कारखान्यात आहे. त्याच्या मागे लागून मी ती मागवायला लावली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "माझ्या लग्नातल्या फोटूवाणी दिसतीया. पर मला वळखत न्हाई," म्हणाले. तरी पुढची दोन वर्षं ते सांगलीला तीच आणत राहिले. जुनीचं नावही काढलं नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

दिवसकार्य झाल्यावर मी गेले. जुनी न्यायची हे गाडीतच ठरवलं होतं. काकींनी दोन्ही गिटारी कॉटवर ठेवल्या. जुनीची घोडी जागेवर होती, दोन्ही बाजूंना दोन ठसठशीत स्क्रू मारलेले. मंडळातल्या संभा सुतारानं बसवलेली. वापरून वापरून स्क्रूंची डोकी चकचकीत झाली होती.

"ही वाजवत होते?" मी विचारलं.

"दर गुरुवारी. नवी काय त्या पेटीच्या सुरात बसंना. ती उतरवली की तारा खुळखुळ करायच्या." काकींनी कपाटाकडे बोट केलं. "तू आलीस की जुनी कपाटाआड सरकवायचे. स्क्रू बघितलं तर पोरगी रडत बसंल, म्हणायचे. आन मग घोषणा कोण देणार?"

मी त्या स्क्रूंवरून बोट फिरवलं. मला ती हवी होती, अजूनही हवी आहे. पण काकांनी संभालाही चार सूर शिकवले होते, आणि गुरुवार तर चुकणार नव्हता. ती तिथं त्या पेटीजवळ बसणार. माझ्याकडे आली असती तर खोलीतल्या खुंटीवर लटकली असती. मी जिच्याविरुद्ध भाषण दिलं तीच पूजा, दुसरं काय? शिवाय नवी गिटार काकांनी फक्त आमच्यात, माझ्यासाठीच हातात धरली होती. तिला दुसरं कुणी नव्हतं.

"नवी नेते," मी म्हणाले. काकींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

खोलीवर येऊन पिशवी उघडली, मोबाइल धरला. पाच तारा बरोबर मोबाइलच्या सुरात, सहावी किंचित उतरलेली. रविवारसाठी त्यांनी ती आधीच लावून ठेवली होती... तेव्हापासून रोज संध्याकाळी एकदा छेडते. जरा जरा ढिली होत चालली आहे. गटातली पोरं येतात, तारेवर बोट मारून बघतात, म्हणतात, बेसूर झालीय, लाव की आता.

लावलेलीच आहे, मी म्हणते.